कार्डावरचा मासा

महिनाभरानं आईकडे एकच शब्द उरला होता: पाच.
पाणी हवं, पाच.
पंखा बंद कर, पाच.
डॉक्टरांनी माझं नाव विचारलं
तर माझ्याकडे नीट बघून, ओळखून, डोळे भरून:
पाच.

सायनच्या त्या लांबट खोलीत
दोन दांड्यांच्या मधून ती चालायची,
उजवा पाय मागून ओढत,
ओहोटीच्या चिखलातून होडी ओढावी तसा.
'टाच आधी, मावशी, टाच,' दुआर्ते मॅडम म्हणायच्या.
आई टाच टेकवायची.
रागानं. एकदा तर मॅडमच्याच बुटावर.

उजवी मूठ मात्र मिटलेली.
मी एकेक बोट उघडायचे,
तिसऱ्या उघडाव्यात तसं, पण विळीशिवाय.
आत काही नसायचं.
घामाचा वास, नखांचे चार व्रण.
सोडलं की परत मिटायची.

घरी तिच्यापुढे राजम्याची वाटी.
एक दाणा उचल, दुसऱ्या वाटीत टाक.
चाळीस वर्षं कोलंबी सोललेला हात
एका दाण्यापाशी थांबून राहायचा.
एक दिवस तिनं वाटी भिरकावली,
डाव्या हातानं. नेम चांगला होता.
कपाटाखाली अजून राजमा सापडतो.

मग बोलण्याचा वर्ग, आणि कार्डं.
कप. कुत्रा. छत्री.
घर, धुराडं असलेलं.
(असलं घर माहीमच्या कोळीवाड्यात कुणी बघितलंय?)
मग मासा.
निळा, गुबगुबीत, ओठांवर हसू.
'हे काय आहे, मावशी? मा...'
मीही मनातल्या मनात ढकलत होते, मा, मा...

मला कळायला हवं होतं.
आमच्याकडे मासा म्हणत नाही कुणी.
बोंबील असतो, मुडदुशी असते, घोळ, करली.
मासा हा गिऱ्हाइकांचा शब्द.

आईनं कार्ड डाव्या हातात घेतलं,
खिडकीच्या उजेडात धरलं,
कल्ला उचलून बघावा तसा
कागदावर अंगठा फिरवला,
आणि कार्ड मॅडमकडे सरकवत
स्वच्छ म्हणाली:
'शिळा.'

फॉर्मवर दोनच चौकटी, बरोबर आणि चूक.
मॅडमनी पेन दोन्हींवरून फिरवलं
आणि टोपण लावून ठेवून दिलं.

फेब्रुवारीत ती बाजारात बसली.
रोज तासभर, पाटावर नाही, प्लास्टिकच्या खुर्चीत.
भांडवल दोन शब्द.
पहिल्याच दिवशी, शेजारच्या येसूकाकीच्या पापलेटांकडे बघून
तिनं दुसरा वापरला, गिऱ्हाइकासमोर.
काकी दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी चहा देताना पुटपुटली,
'होतेच म्हणा.'

मग एक चष्मेवाल्या बाई.
'रावस कसा?'
'पाच.'
'पाचशे? चारशे घ्या.'
'पाच.'
'साडेचार. सकाळची वेळ आहे.'
'पाच.'
एरवी तिनं पन्नास सोडले असते.
आता खाली उतरायला आकडाच नव्हता.
बाई चार पावलं गेल्या. थांबल्या.
परत आल्या.

नोट आईनं डाव्या हातानं घेतली
आणि उजव्या मुठीत कोंबली.
त्याच मुठीत. ती उघडावी म्हणून
मी मोतमाउलीला मेणाचा हात वाहिला होता.
उन्हं कलेपर्यंत मुठीनं नोट सोडली नाही.

घरी मी बोटं सोडवायला बसले.
करंगळी. अनामिका. मधलं. तर्जनी.
अंगठ्याला हात लावायच्या आत
आई म्हणाली, 'पाच.'
आणि अंगठा, थरथरत, जरासा, हलला.

नोट भिजून चुरगळली होती.
मी ती दोरीवर चिमटा लावून वाळत घातली.